मिश्र क्षमतेच्या वर्गासाठी इतिहासाचा ऑनलाइन गटउपक्रम: कामं कशी वाटून द्यावीत?

वहीचं_शेवटचं_पान (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी आठवीला इतिहास शिकवते. वर्गात ३२ मुलं आहेत. पुढच्या महिन्यात चार आठवड्यांचा एक ऑनलाइन गटउपक्रम घ्यायचा आहे. विषय ठरला आहे: इटलीतलं पाँपेई शहर आणि इ. स. ७९ मधला व्हेसुव्हियसचा उद्रेक.

वर्गात सगळ्या तऱ्हेची मुलं आहेत. पाच-सहा जणांना पाठ्यपुस्तक पुरत नाही. दोघांना डिस्लेक्सिया आहे. एका मुलीला फार कमी दिसतं, ती मोबाइलवर स्क्रीन रीडर लावून ऐकते. चौघांच्या घरी बोलतात ती भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी आहे. आणि उरलेली मधली मुलं, ज्यांच्याबद्दल शिक्षकखोलीत कधी कोणी चकार शब्द काढत नाही.

माझा कच्चा आराखडा असा: चार-चार जणांचे आठ गट. प्रत्येक गटात एक हुशार, दोन मधली, एक कच्चं. गटाने एका सामायिक फाइलमध्ये पाच पानांचा अहवाल लिहायचा. हुशार मुलाने मुख्य मजकूर लिहायचा, मधल्यांनी माहिती शोधायची, ज्यांना लिहिणं जड जातं त्यांनी मुखपृष्ठ, चित्रं आणि नकाशा करायचा. म्हणजे प्रत्येकाला झेपेल असं काहीतरी हाताशी राहील.

कागदावर बरं दिसतंय, पण मनाला पटत नाहीये. नक्की कुठे चुकतंय ते सांगाल का?

---

अर्धविराम

वाचतोय. माझ्या वर्गाचंही हेच चित्र आहे.

---

तळटीप

कामाच्या वाटणीआधी प्रश्नाकडे बघा. "पाँपेईवर अहवाल लिहा" हा प्रश्नच नाही. त्याचं उत्तर आंतरजालावर तयार पडलेलं आहे, त्यामुळे जो भराभर वाचतो तो भराभर उतरवणार आणि बाकीचे बघत बसणार. मुलं एकत्र विचार करायला हवी असतील तर ज्यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही असा प्रश्न द्या. पाँपेईबाबत असा एक सुंदर प्रश्न हाताशी आहे: उद्रेक कोणत्या महिन्यात झाला?

बरीच वर्षं सगळीकडे २४ ऑगस्ट छापलं गेलं. आधार रोमन लेखक धाकट्या प्लिनीचा. उद्रेकाच्या वेळी तो १७ वर्षांचा होता आणि खाडीपलीकडे मिसेनम इथे होता. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याने टॅसिटस या इतिहासकाराला दोन पत्रं लिहिली, त्यातल्या पहिल्यात ही तारीख येते. पण मूळ पत्र आपल्याकडे नाही. आहेत त्या शतकानुशतकं नकलून काढलेल्या प्रती, आणि त्यांच्यात तारखेचा मेळ बसत नाही.

दुसऱ्या बाजूला उत्खननात सापडलेल्या वस्तू. शरद ऋतूतली फळं, डाळिंबं, ऊब घेण्याच्या शेगड्या, नव्या हंगामाची वाईन भरून तोंड बंद केलेले रांजण. ऑगस्टच्या उकाड्यात शेगड्या कशाला? मग २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली. तिच्यात रोमन पद्धतीने १७ ऑक्टोबर ही तारीख आहे. ती त्याच वर्षीची असेल तर २४ ऑगस्टला उद्रेक होणं शक्यच नाही.

पण वर्ष लिहिलेलं नाही! कोळशाची अक्षरं वर्षभर टिकणार नाहीत, असा एक युक्तिवाद आहे. तो मान्य करायचा का, हे मुलांनाच ठरवू द्या.

असा प्रश्न दिला की वर्गातल्या सगळ्यात तेज मुलालाही उत्तर आधीपासून ठाऊक नसतं. माझ्या मते मिश्र वर्गासाठी हीच सगळ्यात मोठी सोय आहे.

---

पायथ्याशी

प्रश्न छानच आहे. पण बावीस वर्षं शिकवून माझं मत झालंय की मिश्र गट ही शिक्षकाच्या मनाची समजूत आहे. दर वेळी एकजण करतो, तिघे नावं लिहितात. ऑनलाइनमध्ये तर कॅमेरा बंद केला की संपलं. त्यापेक्षा सारख्या क्षमतेची मुलं एकत्र ठेवावीत आणि प्रत्येक गटाला त्याच्या वकुबाचं काम द्यावं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापुढे प्लिनीचं पत्र टाकणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. मी हे रागाने म्हणत नाहीये. अशा गटात रडकुंडीला आलेली मुलं मी पाहिली आहेत.

---

खोडरबर

धागा सकाळी वाचला, दिवसभर डोक्यात राहिला. आत्ता लिहितोय.

मी ते "कच्चं" मूल होतो. मला डिस्लेक्सिया आहे हे कळलं तेव्हा मी कॉलेजात होतो. शाळेत प्रत्येक गटकामात मला मुखपृष्ठ मिळायचं. प्रत्येक. पाचवीपासून दहावीपर्यंत मी किती मुखपृष्ठं रंगवली असतील याची गणती नाही. बाई प्रेमळ होत्या, त्यांना वाटायचं मला चित्रकला आवडते. मला चित्रकला येतही नव्हती. मला इतिहास आवडायचा. घरी आजोबा मोठ्याने वाचून दाखवायचे ते मी शब्दन् शब्द लक्षात ठेवायचो. पण वर्गात "हे असं का झालं असेल?" हा प्रश्न मला कधी कोणी विचारला नाही. कारण मी मुखपृष्ठवाला होतो.

सगळ्यात वाईट काय, तर काही वर्षांनी मलाही तेच पटलं. गट पडले की मी आपणहून रंगपेटी काढायचो.

वहीचं_शेवटचं_पान, तुमचा हेतू चांगला आहे हे पोस्टमधूनच कळतं. पण चित्र काढणं आणि विचार करणं यांची अशी फाळणी करू नका. ज्याला वाचायला वेळ लागतो त्याला वाचायला मदत लागते. विचार तो स्वतः करू शकतो.

पायथ्याशी, वकुबाप्रमाणे वेगळा गट केला असतात तर मी आणखी चार मुखपृष्ठवाल्यांबरोबर बसलो असतो, एवढाच फरक पडला असता.

---

मोरपीस

खोडरबर, वाचून घशात आवंढा आला.

मी दुसऱ्या टोकाहून लिहिते. माझी मुलगी ते "हुशार" मूल आहे. गेल्या वर्षी अशाच एका उपक्रमात तिने रात्री अकरा वाजेपर्यंत जागून चौघांचं लिखाण केलं, कारण गुण गटाला एकत्र मिळणार होते. शिवाय बाकीच्यांनी लिहिलेलं पुसून पुन्हा लिहिलं. मी विचारलं तर म्हणाली, "त्यांचं चुकीचं होतं." तिला त्या उपक्रमातून काय मिळालं? शुद्धलेखन तपासायचा सराव आणि मैत्रिणींचा राग.

तेव्हा आराखडा आखताना माझ्या मुलीसारख्यांचाही विचार करा. ऐकून घेणं हे त्यांना न जमणारं काम आहे. तिथे तीच कच्ची आहे.

---

अर्धविराम

"तिथे तीच कच्ची आहे" याला +१००.

---

तळटीप

मोरपीस यांनी सांगितलेल्या दुखण्यावर एक जुना उपाय आहे: जिगसॉ पद्धत. १९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर ती सुरू केली. शाळांमधला वर्णभेद नुकताच कायद्याने मोडला होता आणि एकाच वर्गात आलेल्या गोऱ्या, काळ्या आणि स्पॅनिशभाषक मुलांमध्ये कमालीचा ताण होता. त्यांनी काय केलं, तर धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. बाकीचे तुकडे कळायला हवेत तर जोडीदाराचं ऐकण्याशिवाय गत्यंतर नाही.

अॅरन्सनने एका मुलाची हकिगत लिहून ठेवली आहे. इंग्रजी ही त्याची दुसरी भाषा, बोलताना अडखळायचा. सुरुवातीला गटातली मुलं त्याला हसली. मग लक्षात आलं की त्याच्याकडचा तुकडा आपल्याला परीक्षेला लागणार आहे, आणि हसण्याने तो बाहेर येत नाहीये. तेव्हा ती त्याला नीट प्रश्न विचारू लागली.

पाँपेईच्या प्रश्नाचे चार तुकडे सहज पडतात: पत्र, भिंतीवरची ओळ, घरांमध्ये सापडलेल्या वस्तू, आणि एक नाणं. ते टायटस सम्राटाचं चांदीचं नाणं आहे. सम्राटाला विजयी सेनापती म्हणून कितव्यांदा गौरवलं हे सांगणारा त्यावरचा आकडा १५ वाचला तर ते सप्टेंबरमधलं किंवा त्यानंतरचं ठरतं, म्हणून ऑगस्टच्या विरोधात पुरावा म्हणून दाखवत असत. पुढे झिजलेलं नाणं पुन्हा तपासलं तेव्हा आकडा १४ निघाला आणि तो पुरावा गळून पडला. मुलांना हे जरूर दाखवा. पुरावा चुकीचा वाचला जाऊ शकतो, तेही जाणकारांकडून.

---

पायथ्याशी

खोडरबर, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. सारख्या क्षमतेचे गट करताना त्या मुलांच्या मनात काय चालतं हे मी कधी विचारलं नव्हतं. ते मान्य.

पण जिगसॉची अडचण तशीच आहे. ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडे तुकडा दिला आणि तो त्याला कळलाच नाही, तर अख्ख्या गटाचं कोडं अडतं आणि सगळे त्याच्याकडे बघतात. ही नामुष्की मुखपृष्ठापेक्षा मोठी आहे. यावर उत्तर असेल तर मी ऐकायला तयार आहे.

---

काजळरेघ

मी विशेष शिक्षिका आहे. पायथ्याशी यांनी मुद्द्यालाच हात घातलाय. उत्तर जिगसॉमध्येच आहे, पण घाईत लोक ती पायरी गाळतात. मूळ गटात बोलण्याआधी एकाच तुकड्यावर काम करणारी सगळी मुलं आधी एकत्र बसतात. पत्रवाले पत्रवाल्यांबरोबर, नाणेवाले नाणेवाल्यांबरोबर. तिथे चुकायला जागा असते, विचारायला जागा असते. मूल मूळ गटात परतताना तयार होऊन जातं. तुमच्या हिशेबात प्रत्येक तुकड्याला आठ मुलं येतात. आठ जणांत कोणीतरी गप्प बसतंच, म्हणून चार-चारच्या दोन तुकड्या करा. आणि यावर एक पूर्ण आठवडा द्या, एक तास नव्हे.

आता साहित्याबद्दल. पत्राचा निवडक उतारा घ्या, अर्ध्या पानाचा. सोपा करा, पण चव घालवू नका. प्लिनीने राखेच्या ढगाला छत्रीसारख्या पाइन वृक्षाची उपमा दिली आहे, ती काढून "मोठा ढग दिसला" असं करू नका. उतारा तुमच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि तो सगळ्यांनाच द्या, फक्त डिस्लेक्सिया असलेल्या दोघांना नाही. वेगळं काढून दिलेली मदत मुलं घेत नाहीत.

कमी दिसणाऱ्या मुलीसाठी: भिंतीवरच्या ओळीच्या फोटोसाठी स्क्रीन रीडर बऱ्याचदा फक्त "प्रतिमा" एवढंच वाचतो. खाली वर्णन लिहा, पण त्यात उत्तर सांगू नका. "फिक्या भिंतीवर कोळशाने लिहिलेल्या ओळी, त्यात एक्स, व्ही, आय ही अक्षरं, मग के, मग एन-ओ-व्ही" इतकं पुरे. पुढचा अर्थ तिला लावू दे. पीडीएफ देणार असाल तर ती स्कॅन केलेली नको, त्यातली अक्षरं स्क्रीन रीडरला वाचता येतीलच असं नाही.

लिहिण्याऐवजी बोलून टाइप करणं, दोन मिनिटांचा ध्वनिमुद्रित निरोप, तक्ता, हे सगळं उत्तर म्हणून चालेल असं पहिल्याच दिवशी जाहीर करा. सगळ्यांसाठी.

---

कळफलक

तांत्रिक बाजूचं माझ्याकडून.

एकच सामायिक फाइल चौघांना उघडी दिलीत की मोरपीस यांच्या घरी झालं ते होणारच. त्याऐवजी स्लाइडची फाइल घ्या, प्रत्येकाच्या नावाची एक स्लाइड. दुसऱ्याच्या स्लाइडवर फक्त टिप्पणी द्यायची, मजकुराला हात लावायचा नाही. हा नियम सॉफ्टवेअर पाळून देत नाही, तुम्हालाच सांगावा लागतो. शेवटचा निष्कर्ष मात्र एकाच पानावर, आणि तिथे गूगल डॉक्समधला "सूचना" पर्याय वापरा. म्हणजे बदल लगेच पक्का होत नाही, तो आधी स्वीकारावा किंवा नाकारावा लागतो.

आवृत्ती इतिहासात कोणी कधी काय लिहिलं ते दिसतं. पण त्यावरून गुण देऊ नका. ज्याने बोलून सुचवलं आणि दुसऱ्याने टाइप केलं, त्याचं नाव तिथे नसतं. आणि मुलांना बजावून ठेवा की जुनी आवृत्ती परत आणली की ती सगळ्यांसाठी परत येते. आमच्या एका प्रकल्पात एका मुलाने स्वतःची चूक सुधारायला कालची आवृत्ती आणली आणि बाकी तिघांचं दिवसभराचं काम पानावरून गेलं. इतिहासातून ते परत मिळवलं, पण तोवर रडारड होऊन गेली होती.

लहान फोन असलेल्यांचाही विचार करा. चार इंची पडद्यावर तक्ता भरणं जाच आहे.

---

अर्धविराम

अवांतर: प्लिनीची एक गोष्ट मुलांना नक्की सांगा. मामा, म्हणजे थोरला प्लिनी, तिथल्या आरमाराचा प्रमुख होता. ढग बघायला जहाज काढलं तेव्हा त्याने भाच्याला विचारलं, येतोस का? भाचा म्हणाला, मला अभ्यास आहे. मामा पाँपेईजवळच्या स्टॅबिए गावाला पोचला आणि तिथेच वारला. भाचा वाचला. "अभ्यास कर" म्हणणाऱ्या सगळ्या पालकांना हे उदाहरण वापरायला माझी परवानगी आहे :)

---

मोरपीस

घरी सांगून पाहिलं. मुलगी म्हणाली, "पण मामा लोकांना वाचवायला गेला होता ना?" आता काय बोलणार!

---

तळटीप

तिचं बरोबर आहे. निघाला तो ढग जवळून बघायला, पण घरातून बाहेर पडतानाच मदतीसाठी निरोप आला आणि त्याने मोठी जहाजं काढली. दोन्ही गोष्टी पत्रात आहेत. तुमच्या मुलीला पत्राचा तुकडा देऊ नका, तिला नाणं द्या. जिथे भराभर वाचून भागत नाही, थांबून बघावं लागतं.

---

वहीचं_शेवटचं_पान

तुम्हा सगळ्यांची मनापासून आभारी आहे. खोडरबर, तुमची माफी मागावीशी वाटते. माझ्या यादीतल्या चार मुलांपुढे मी "मुखपृष्ठ" लिहिलं होतं. ते खोडलं.

नवा आराखडा: प्रश्न एकच, उद्रेक कोणत्या महिन्यात झाला? पहिला आठवडा सगळ्यांनी मिळून पाँपेईची ओळख. दुसरा आठवडा तुकड्यांवर काम. तिसऱ्यात मूळ गटात एकमेकांना समजावणं. चौथ्यात निष्कर्ष: महिना, त्याची तीन कारणं, आणि "आमच्या मताच्या विरोधात जाणारा सगळ्यात भक्कम पुरावा कोणता". गट कोणत्याही महिन्यावर पोचला तरी चालेल. तुकडे चिठ्ठ्या टाकून.

गुणांचं काय करू? गटाला एकत्र की वेगवेगळे?

---

पायथ्याशी

वेगवेगळे. यावर मी ठाम आहे. शेवटी प्रत्येकाला जोडीदाराच्या तुकड्यावर दोन प्रश्न विचारा, लेखी किंवा तोंडी. मग ऐकून घेण्याला किंमत येते. अॅरन्सननेही परीक्षा प्रत्येकाची वेगळीच घेतली होती ना?

चिठ्ठ्यांना मात्र माझा विरोध. शिक्षकाने विचार करून तुकडा द्यावा. त्यात पक्षपात नाही, ती त्याची जबाबदारी आहे.

---

खोडरबर

इथे पायथ्याशींशी अर्धा सहमत. विचार करून द्या, पण ज्याला जे जमतं तेच दर वेळी देऊ नका. नाहीतर आज "वस्तूंवाला", उद्या पुन्हा "वस्तूंवाला". मला एकदा तरी पत्र मिळायला हवं होतं, वाचून दाखवणाऱ्या आवाजासकट.

---

काजळरेघ

आणखी एक, मग थांबते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एलिझाबेथ कोहेन यांनी गटकामातल्या "प्रतिष्ठे"चा अभ्यास केला. मुलं कोणाचं ऐकतात हे त्याने काय सांगितलं यावर ठरत नाही, वर्गात त्याला काय समजतात यावर ठरतं. त्यांचा उपाय असा की, मागे समजल्या जाणाऱ्या मुलाने खरोखर मोलाचं काही केलं तर शिक्षकाने ते सगळ्यांसमोर, नेमक्या शब्दांत सांगावं. "शाब्बास" नाही. "तू हे दाखवलंस, त्यामुळे गटाचा हा प्रश्न सुटला" असं. आणि ते खरं असलं पाहिजे. खोटं कौतुक मुलांना लांबून कळतं.

---

वहीचं_शेवटचं_पान

धागा वर आणते. दुसरा आठवडा काल संपला.

भिंतीवरच्या ओळीच्या तुकडीत "नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसाआधीचा सोळावा दिवस" म्हणजे कोणती तारीख, हे काढायचं होतं. तिघांनी १ मधून १६ मागे मोजले आणि १६ ऑक्टोबर लिहिलं. चौथा मुलगा, ज्याच्यापुढे मी पूर्वी "मुखपृष्ठ" लिहिलं होतं, काहीच लिहीना. मला वाटलं अडकला. अर्ध्या तासाने त्याने कागदावर हाताने काढलेल्या सोळा चौकटींचा फोटो टाकला. पहिल्या चौकटीत १ नोव्हेंबर, शेवटच्या चौकटीत १७ ऑक्टोबर. आणि ध्वनिमुद्रित निरोप: "बाई, साहित्यात लिहिलंय की रोमन लोक दोन्ही टोकं मोजायचे. मग १ तारीख पण मोजायची ना? मी ऑगस्टचं पण करून बघितलं. सप्टेंबरच्या १ पासून नववा दिवस २४ ऑगस्टच येतो. म्हणजे माझी पद्धत बरोबर आहे."

ती ओळ साहित्यात मीच घातली होती आणि सगळ्यांनी ती वाचली होती. पत्रातल्या तारखेवर आपली पद्धत पडताळून बघायचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

काजळरेघ, मी वर्गाच्या चॅटवर अगदी तुम्ही म्हणालात तसं लिहिलं, की त्याने दुसऱ्या पुराव्याने पद्धत तपासली आणि त्यामुळे तुकडीची तारीख बदलली. त्यानंतर दोन मुलांनी त्याला निरोप पाठवून नाण्याबद्दल विचारलं. नाणं त्याच्याकडे नाहीच!

सगळं सुरळीत नाही. नाण्याच्या एका तुकडीत दोघे आठवडाभर फिरकलेच नाहीत. एकाच्या घरी एकच फोन आहे, तो रात्री नऊनंतर हाती येतो. दुसऱ्याचं कारण अजून कळलं नाही, उद्या फोन करणार आहे. घरची भाषा वेगळी असलेल्या एका मुलीने पूर्ण तुकडा स्वतःच्या भाषेत रेकॉर्ड केला, तो समजणारं वर्गात दुसरं कोणी नाही. तो ठेवायचा की पुन्हा करायला सांगायचा?

---

काजळरेघ

ठेवा. आधी तिच्या भाषेत विचार पक्का होऊ दे. मग तिला मोजकी पाच वाक्यं शाळेच्या भाषेत करायला सांगा, आणि गटाला सांगा की बाकीचं प्रश्न विचारून काढून घ्या.

---

कळफलक

रात्री नऊनंतर येणाऱ्यासाठी थेट भेटीची अट काढून टाका. गटाने त्याला ध्वनिमुद्रित प्रश्न ठेवायचे, त्याने रात्री उत्तर द्यायचं. ऑनलाइन घेण्याचा हाच तर फायदा आहे, सगळ्यांना एकाच वेळी बसावं लागत नाही.

---

पायथ्याशी

सोळा चौकटींचा तो फोटो, नाव झाकून, इथे टाकता येईल का? त्या मुलाची परवानगी घेऊन. उद्या माझ्या वर्गाला दाखवायचा आहे.

---

वहीचं_शेवटचं_पान

विचारलं. हो म्हणालाय, पण आधी नीट पट्टीने पुन्हा काढून देतो म्हणतोय. मी सांगितलं, पहिलाच दे.

---

खोडरबर

पहिलाच.